मुंग्या, सावल्या आणि पळणारे चित्र: उपनगरांतील कृष्णधवल दूरदर्शनचे विज्ञान

मुंबईच्या उपनगरांत १९७० च्या दशकात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्याकडे त्या काळच्या टीव्हीचा विषय निघाला, तर ‘किलबिल’, ‘छायागीत’ किंवा शनिवार-रविवारच्या चित्रपटांच्या बरोबरीने, आणि पुष्कळदा त्यांच्याही आधी, आठवतात ते चित्रातले बिघाड: पडद्यावर वळवळणाऱ्या मुंग्या, निवेदिकेच्या उजव्या बाजूला उभी राहिलेली तिचीच फिकट सावली, ऐन रंगात आलेल्या प्रसंगी वर वर पळत सुटणारे चित्र आणि बटण बंद केल्यावर काचेच्या मध्यभागी रेंगाळणारा पांढरा ठिपका. यातले सर्वांत मोठे कोडे गच्चीवरचे होते. वर चढलेल्या माणसाने अँटेनाची दांडी धरून ठेवली की चित्र स्वच्छ येई, खालून ‘आलं, आलं, आता हलवू नको’ असा पुकारा होई, आणि त्याने हात काढून दोन पावले मागे घेतली की ते पुन्हा बिघडे.

अशा गोष्टी आज गंमत म्हणून सांगितल्या जातात आणि गंमत म्हणूनच सोडून दिल्या जातात. वस्तुतः त्यांपैकी जवळपास प्रत्येक गोष्ट हे एक अचूक निरीक्षण आहे. अंधेरीच्या मुलाने जे पाहिले ते मुलुंडच्या मुलाला तसेच दिसले नसेल, तर त्याचे कारण वरळीच्या प्रक्षेपण-मनोऱ्यापासूनचे अंतर, मधल्या टेकड्या, वरून जाणारी विमाने आणि घराखालून जाणारा रस्ता यांत सापडते. एका लाकडी खोक्याच्या काचेवर त्या मुलांना कार्यक्रमाच्या जोडीने आपल्या परिसराचा भूगोलही दिसत होता.

वरळीचा मनोरा आणि गच्चीवरच्या दांड्या

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात झाला आणि त्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई केंद्र सुरू झाले. या केंद्राचा वरळी येथील मनोरा सुमारे ३०० मीटर उंच आहे, आणि ही उंची हौसेची नाही. दूरचित्रवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीच्या गोलाईपलीकडे त्या सहसा पोहोचत नाहीत. प्रक्षेपकाची उंची जितकी अधिक तितके त्याचे क्षितिज दूर. ३०० मीटर उंचीवरून हे क्षितिज साधारण ६० ते ७० किलोमीटरवर येते, म्हणजे मुंबईची सगळी उपनगरे त्याच्या आत येतात.

क्षितिजाच्या आत असणे आणि चांगले चित्र मिळणे यांत मात्र अंतर आहे. वरळीपासून अंधेरी आणि घाटकोपर सरळ रेषेत सुमारे १२ ते १३ किलोमीटर, मुलुंड सुमारे २२ किलोमीटर आणि बोरिवली सुमारे २५ किलोमीटर दूर आहे. मोकळ्या जागेत पसरणाऱ्या लहरीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे अंधेरीच्या दुप्पट अंतरावर असलेल्या बोरिवलीला, मधली घरे आणि चढउतार क्षणभर बाजूला ठेवले तरी, अंधेरीच्या फक्त एक चतुर्थांश तीव्रता मिळते. बोरिवलीच्या गच्चीवरची अँटेना अधिक उंच बांबूवर चढवावी लागे आणि तिच्या जोडीला ‘बूस्टर’, म्हणजे क्षीण संकेत वाढवणारी छोटी डबी, लावण्याची पाळी येई, ती यामुळे.

गच्च्यांवर दिसणारी आडव्या दांड्यांची ती अँटेना जपानमधील सेंदाई येथील तोहोकु विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास जगापुढे आणलेल्या रचनेची होती. तिच्यातील एकच दांडी खरोखर तारेने टीव्हीला जोडलेली असते. तिच्या मागची, किंचित लांब दांडी लहर परतवून पुढे ढकलते आणि पुढच्या, किंचित आखूड दांड्या लहरीला आपल्या दिशेने ओढून घेतात, त्यामुळे अँटेना एका दिशेने अधिक चांगले ‘ऐकते’ आणि उरलेल्या दिशांकडे बऱ्याच अंशी दुर्लक्ष करते. दांडीची लांबी लहरीच्या निम्म्या लांबीएवढी असावी लागते. दूरचित्रवाणीच्या सर्वांत खालच्या पट्ट्यातल्या, म्हणजे ४७ ते ६८ मेगाहर्ट्‌झमधल्या लहरी साडेचार ते सहा मीटर लांब असतात, त्यामुळे त्या पट्ट्यासाठीच्या दांड्या दोन ते तीन मीटर लांबीच्या, कावळ्यांना आणि घारींना बसायला ऐसपैस अशा असत. एखादी घार बसून उडाली की अँटेनाचे तोंड थोडे फिरे आणि खाली चित्र खराब होई, हीही खरीच गोष्ट होती. बोरिवली आणि अंधेरीच्या अँटेना दक्षिणेकडे, तर मुलुंड आणि घाटकोपरच्या नैर्ऋत्येकडे तोंड करून असत. उपनगरातील कोणत्याही गच्चीवर उभे राहून वरळी कुठे आहे ते सांगता येत असे.

आता हात धरून ठेवण्याचे कोडे. माणसाच्या शरीरात क्षारयुक्त पाणी मोठ्या प्रमाणात असते आणि असे पाणी विजेचे बऱ्यापैकी वाहक असते. लहर अंगावरून गेली की शरीरात अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते प्रवाह तीच लहर थोड्याशा प्रमाणात पुन्हा बाहेर फेकतात. दीड-पावणेदोन मीटर उंचीचा, हात पसरून उभा असलेला माणूस आकाराने अँटेनाच्या दांडीशी स्पर्धा करणारा असल्यामुळे, तो अँटेनाजवळ उभा राहिला की तिच्यात एका जादा आणि वेड्यावाकड्या दांडीची भर पडते. परंतु कोड्याचे खरे उत्तर पुढेच आहे. तो माणूस अँटेना फिरवत असतो आणि खालून ‘आलं’ अशी हाक येताच थांबतो, तेव्हा त्याने शोधून काढलेली दिशा ही एकट्या अँटेनाची उत्तम दिशा नसून ‘अँटेना आणि तो स्वतः’ या जोडीची उत्तम दिशा असते. तो दूर झाला की जोडी मोडते, आणि जिच्यासाठी दिशा निवडली होती ती रचनाच शिल्लक राहत नाही. यावर उपाय सोपा होता: थोडे फिरवायचे, बाजूला व्हायचे, मग खाली विचारायचे. पण गच्चीवरून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत आणि खिडकीतून टीव्हीसमोर अशी हाकांची साखळी असताना आणि चित्रपट सुरू झालेला असताना एवढा धीर क्वचितच कोणी धरत असे.

ओळीओळीने रेखाटलेले चित्र

बाकीच्या बिघाडांचा उलगडा होण्यासाठी चित्र पडद्यावर कसे उमटते ते पाहावे लागते. त्या काळच्या टीव्हीचा पडदा हा खरे तर एका मोठ्या निर्वात काचनळीचा रुंद चेहरा असे. नळीच्या मागच्या निमुळत्या टोकाशी धातूचा एक लहान तुकडा तापवला जातो आणि त्यातून इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण विद्युतभाराचे सूक्ष्म कण, सुटतात. दहा हजार व्होल्टहून अधिक दाबाने खेचला गेलेला त्यांचा बारीक झोत पडद्याच्या आतल्या बाजूला लावलेल्या चूर्णावर आदळतो आणि तेवढा बिंदू उजळतो. काचेजवळ हात नेल्यावर अंगावरचे केस उभे राहत आणि काचेवर धूळ भराभर बसे, ते याच उच्च दाबामुळे काचेवर साचणाऱ्या स्थिर विजेचे काम होते.

एका वेळी पडद्यावर एकच बिंदू रेखला जात असतो. नळीच्या मानेभोवती बसवलेली वेटोळी चुंबकीय बलाने हा झोत डावीकडून उजवीकडे ओढतात, झटकन परत आणतात आणि किंचित खाली पुढची ओळ काढायला लावतात. भारताने स्वीकारलेल्या पद्धतीत संपूर्ण चित्र ६२५ ओळींचे असून सेकंदाला अशी २५ चित्रे काढली जातात. मात्र डोळ्याला लुकलुक जाणवू नये म्हणून आधी एकाआड एक ओळी काढून मग मधल्या राहिलेल्या ओळी भरल्या जातात, त्यामुळे पडदा सेकंदाला ५० वेळा वरपासून खालपर्यंत झाडला जातो. कोणत्या बिंदूवर झोत किती जोरकस असावा, एवढीच माहिती वरळीहून येणारी लहर देत असते. केसांचा काळा, साडीचा करडा आणि भिंतीचा पांढरा हे सगळे झोताच्या कमीजास्त जोराचे खेळ.

या यंत्रणेतून मुलांच्या दोन आठवणी थेट उलगडतात. पहिली निळसर उजेडाची. कृष्णधवल पडद्यावरचे चूर्ण बहुधा निळा आणि पिवळा प्रकाश देणाऱ्या दोन पदार्थांचे मिश्रण असे आणि त्यांच्या एकत्रित प्रकाशाचा ‘पांढरा’ रंग निळ्याकडे झुकलेला असे; त्या काळच्या घरांतल्या पिवळट बल्बच्या शेजारी तो अधिकच निळा भासे. संध्याकाळी चाळीच्या किंवा सोसायटीच्या कोणत्या खिडकीत टीव्ही चालू आहे, हे त्यामुळे रस्त्यावरूनच ओळखता येई. दुसरी आठवण बारीक शिट्टीची. सेकंदाला २५ चित्रे आणि प्रत्येकात ६२५ ओळी, म्हणजे झोत सेकंदाला १५,६२५ वेळा आडवा धावतो, आणि त्याला धाववणाऱ्या रोहित्राचे भाग त्याच वेगाने कंप पावून अतिशय उंच स्वर काढतात. मुलांच्या कानांना हा स्वर सहज ऐकू येतो. वय वाढत जाते तसतशी उंच स्वर ऐकण्याची क्षमता घटत जाते आणि पन्नाशीच्या माणसाला तो बहुधा ऐकूच येत नाही. आवाज पूर्ण बंद असूनही शेजारच्या खोलीत टीव्ही लागलेला आहे, असे एखादे मूल ठामपणे सांगे आणि घरातली मोठी माणसे ते मानायला तयार नसत, तेव्हा मूल बरोबर असे.

चौकट: एका ओळीचे गणित
एका ओळीसाठी ६४ मायक्रोसेकंद मिळतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. त्यातले सुमारे ५२ मायक्रोसेकंद प्रत्यक्ष चित्रासाठी आणि उरलेले झोत परत डावीकडे आणण्यासाठी. २० इंची पडदा सुमारे ४० सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे उजळ बिंदू काचेवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो आणि एका मायक्रोसेकंदात जेमतेम ८ मिलिमीटर पुढे सरकतो. तेवढ्याच वेळात वरळीहून निघालेली लहर ३०० मीटर अंतर कापते.

चित्र पळत का सुटे

वरळीच्या स्टुडिओतला कॅमेरा ज्या क्षणी एक ओळ वाचायला आरंभ करतो, त्याच लयीत मुलुंडच्या टीव्हीतला झोत ती ओळ काढायला निघाला पाहिजे. अन्यथा डोके एकीकडे आणि धड दुसरीकडे अशी अवस्था होईल. हे साधते कसे, ते लेझीमच्या पथकावरून ध्यानात येईल. पथकातल्या प्रत्येक मुलाच्या अंगात स्वतःची अशी एक चाल असते, पण हलगीचा ठोका ऐकू येत असेपर्यंत थोडा पुढे गेलेला किंवा मागे पडलेला मुलगा प्रत्येक ठोक्याला सावरला जातो. टीव्हीमध्येही दोन स्वतंत्र चाली असतात, एक आडव्या ओळींची आणि एक वरून खाली येण्याची, आणि वरळीहून येणाऱ्या लहरीत प्रत्येक ओळीच्या व प्रत्येक झाडणीच्या अखेरीस एक ठोका मिसळलेला असतो. मुलाची मूळ चालच हलगीपेक्षा फार वेगळी झाली, किंवा ठोका ऐकू येईनासा झाला, तर पथक विस्कटते.

टीव्हीच्या मागे किंवा झाकणाआड असलेली ‘व्हर्टिकल होल्ड’ आणि ‘हॉरिझाँटल होल्ड’ ही दोन बटणे या मूळ चालींसाठी होती. संच तापला, त्यातले भाग जुने झाले किंवा विजेचा दाब खालीवर झाला की चाल बदलत असे. वरून खाली येण्याची चाल चुकली की एक चित्र संपण्याआधी पुढचे सुरू होई आणि मधल्या काळ्या पट्टीसह सगळे चित्र वर किंवा खाली पळू लागे. आडवी चाल चुकली की चित्राच्या तिरक्या चिंध्या होत. घरातल्या एखाद्या मुलाकडे ते बटण फिरवण्याचे काम आपसूक येई, आणि चित्र पळण्याचा वेग कमी कमी होत ते थबकते त्या बिंदूच्या किंचित पुढे बटण ठेवायचे, ही युक्ती त्याला कोणी न शिकवता साधलेली असे.

येथे या पद्धतीच्या रचनाकारांचे एक शहाणपण सांगण्यासारखे आहे. भारतात वापरल्या गेलेल्या पद्धतीत लहर जितकी जोरदार तितका बिंदू काळा, आणि क्षीण असेल तर पांढरा, अशी उलटी व्यवस्था होती. आणि सर्वांत जोरदार भाग, काळ्याहूनही काळा, ठोक्यासाठी राखून ठेवलेला होता. दूरच्या गावी किंवा वाईट गच्चीवर बाकी सगळे पुसट झाले तरी ठोका सर्वांत शेवटी हरवे. बोरिवलीच्या एखाद्या घरात मुंग्यांनी भरलेले, चेहरे जेमतेम ओळखू येणारे चित्र असूनही ते एका जागी उभे राहत असे, ते यामुळे.

टेकड्या, विमाने आणि दुहेरी माणसे

उपनगरांचे वैशिष्ट्य सर्वांत अधिक दिसे ते सावल्यांत. वरळीहून निघालेली लहर अँटेनाकडे सरळ येते, त्याचबरोबर ती एखाद्या टेकडीवर किंवा उंच इमारतीवर आपटून, वळसा घेऊनही येते. वळशाने येणारी लहर उशिरा पोहोचते, आणि तोवर पडद्यावरचा झोत उजवीकडे सरकलेला असतो; त्यामुळे मूळ चित्राच्या उजव्या बाजूला त्याचीच फिकट प्रत उमटते. चौकटीतले गणित येथे उपयोगी पडते. वळसा ३०० मीटरचा असेल तर सावली ८ मिलिमीटर दूर, दीड किलोमीटरचा असेल तर जवळजवळ ४ सेंटिमीटर दूर. पडद्यावर पट्टी धरून सावलीचे अंतर मोजले असते, तर लहर किती लांबून फिरून आली ते घरबसल्या काढता आले असते. एका इमारतीत सर्वांच्या टीव्हीवर सावली सारख्याच अंतरावर दिसे आणि शेजारच्या गल्लीत वेगळ्या अंतरावर, याचेही कारण हेच.

मुलुंड आणि बोरिवली ही दोन उपनगरे आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांच्या दोन अंगांना वसलेली आहेत, मुलुंड पूर्वेकडे आणि बोरिवली पश्चिमेकडे. मुलुंडच्या अँटेनाला सरळ लहर नैर्ऋत्येकडून मिळे आणि परतलेली लहर पश्चिमेच्या डोंगराकडून. बोरिवलीत सरळ लहर दक्षिणेकडून आणि परतलेली पूर्वेकडून. घाटकोपरला वरळीच्या दिशेने असलेल्या टेकड्या लहरीची वाट थोडी अडवत, त्यामुळे टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या घरात सरळ लहर दबलेली आणि वळशाची लहर तिच्या तोडीची, असा प्रकार घडू शके. अशा ठिकाणी अँटेना नेमकी वरळीकडे रोखण्याऐवजी थोडी तिरकी ठेवून, परतलेली लहर जिकडून येते ती दिशा टाळली, तर चित्र सुधारत असे. नकाशा न पाहता गच्चीवर धडपडणाऱ्या माणसांनी हा उपाय अनुभवाने शोधलेला होता.

अंधेरी, विलेपार्ले, कुर्ला या भागांत विमानांची भर पडे. उतरणाऱ्या विमानाच्या धातूच्या पृष्ठभागावरूनही लहर परतते, आणि विमान सतत पुढे सरकत असल्याने वळशाचे अंतर क्षणोक्षणी बदलत राहते. ते अंतर एका लहरीच्या लांबीएवढे, म्हणजे सुमारे पाच मीटरने, बदलले की परतलेली लहर सरळ लहरीला एकदा जोर देऊन आणि एकदा तिच्यावर मात करून मोकळी होते. परिणामी चित्र सेकंदाला अनेकदा उजळते आणि मंदावते, धडधडल्यासारखे दिसते, आणि विमान निघून गेले की शांत होते. विमानाचा आवाज ऐकू येण्याआधीच चित्र फडफडू लागे, असे सांगणारे बरोबर सांगतात: आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, लहर तीन लाख किलोमीटर.

मुंग्या आणि ठिणग्या

मुंग्या बाहेरून कोणी पाठवत नव्हते. टीव्हीच्या आतील प्रत्येक सुटा भाग सामान्य तापमानाला असतो, त्यातील इलेक्ट्रॉन अव्यवस्थितपणे हलत असतात आणि त्यांच्या हालचालींतून एक अत्यंत क्षीण, अर्थहीन विद्युतसंकेत सतत उत्पन्न होत असतो. वरळीची लहर जोरदार असेल तर हा गोंधळ तिच्याखाली दबून जातो; ती क्षीण असेल तर टीव्ही तिला मोठे करण्यासाठी आपली वर्धनशक्ती वाढवतो आणि तिच्याबरोबर गोंधळही मोठा होतो. त्यात एक वाटा आकाशाचाही असतो. कार्ल जान्स्की या अमेरिकी अभियंत्याने १९३० च्या दशकाच्या आरंभी आकाशगंगेकडून रेडिओलहरी येतात असे दाखवून दिले, आणि दूरचित्रवाणीच्या खालच्या पट्ट्यात या लहरींची मात्रा दुर्लक्ष करण्याजोगी नसते. रात्री कार्यक्रम संपल्यानंतर टीव्ही तसाच चालू राहिला, तर काचेवर वळवळणाऱ्या त्या ठिपक्यांपैकी काही खरोखर ताऱ्यांच्या प्रदेशातून आलेले असत.

चित्र असे मुंग्यांनी भरले तरी बातम्या मात्र स्वच्छ ऐकू येत. आवाजासाठी वेगळी लहर असे आणि तिच्यात माहिती जोराच्या चढउतारांतून न पाठवता कंपनसंख्येच्या बारीक बदलांतून पाठवली जाई. शिवाय आवाजाला चित्राच्या तुलनेत फार अरुंद पट्टा पुरतो, त्यामुळे त्यात शिरणारा गोंधळही थोडा असतो. पुढे चित्रपटांतून नावारूपाला आलेल्या स्मिता पाटील १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबई केंद्रावर मराठी बातम्या देत, तेव्हा दूरच्या उपनगरांतल्या काही घरांत त्यांचा चेहरा अंदाजाने पाहिला जात असेल, पण शब्द एकही निसटत नसे.

ठिणग्यांची गोष्ट वेगळी. विजेची प्रत्येक ठिणगी ही एक छोटा प्रक्षेपकच असते आणि ती जवळजवळ सर्व कंपनसंख्यांवर एकाच वेळी लहरी फेकते. खालून स्कूटर गेली की तिच्या इंजिनातील ठिणग्यांमुळे पडद्यावर ठिपक्यांच्या रांगा सरसरत जात, आणि स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला की त्याच्या फिरत्या भागाला घासणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांपाशी उडणाऱ्या ठिणग्या सगळ्या चित्रावर पट्टे ओढत. लोहमार्गालगतच्या घरांत लोकलच्या छतावरील पेंटोग्राफ आणि वरची तार यांच्यात उडणाऱ्या ठिणग्याही भर घालत. हे ठिपके बहुधा काळे असत, आणि त्याचे कारण वर आलेच आहे: जोरदार लहर म्हणजे काळा बिंदू.

या सगळ्यांहून निराळा होता तो ‘व्यत्यय’. कार्यक्रम खंडित झाल्यावर पडद्यावर झळकणारी तशी पाटी स्वच्छ आणि स्थिर दिसत असेल, तर वरळीपासून घरापर्यंतचा मार्ग ठीक असून दोष केंद्राच्या आत किंवा केंद्राकडे येणाऱ्या दुव्यात आहे, असा तिचा अर्थ. पाटी दिसल्यावर गच्चीवर धावणे निरर्थक, हे मुलांना लवकर कळे.

रेंगाळणारा ठिपका

टीव्ही बंद केला की चित्र आकसून मध्यभागी एक झगझगीत ठिपका उरे आणि तो हळूहळू विझे. बटण बंद होताच झोताला डावीउजवीकडे आणि वरखाली नेणारी चुंबकीय वेटोळी तत्काळ निष्प्राण होतात, पण मागचा तापलेला धातू लगेच थंड होत नाही आणि काचनळीच्या आतल्या व बाहेरच्या लेपांत साठलेला उच्च दाबही लगेच उतरत नाही. इलेक्ट्रॉन सुटत राहतात, पुढे खेचलेही जातात, मात्र त्यांना पसरवणारे कोणी उरत नाही, म्हणून सगळे एकाच जागी आदळतात.

संध्याकाळी विजेचा दाब उतरला की चित्र कडांकडून आकसे आणि भोवती काळी चौकट दिसे, तेही वेटोळ्यांना पुरेसा जोर न मिळाल्यामुळे. व्होल्टेज स्टॅबिलायझरची पेटी मधूनच ‘टक’ असा आवाज करी, तो दाब सावरण्यासाठी आतला स्वयंचलित खटका बदलल्याचा. काचेवर लावल्या जाणाऱ्या निळ्या किंवा तिरंगी प्लास्टिकच्या पडद्याने मात्र चित्रात कोणतीही नवी माहिती येत नसे. वर निळा आणि खाली हिरवा पट्टा असल्याने आकाश आणि गवत असलेल्या दृश्यात तो क्षणभर खरा वाटे, आणि जवळून दाखवलेल्या चेहऱ्याचे कपाळ निळे होई.

उन्हाळ्यातले परके चित्र

वरळीच्या लहरी क्षितिजाच्या आत राहतात, हा नियम उन्हाळ्याच्या दिवसांत कधी कधी मोडताना दिसे आणि सुमारे ९०० किलोमीटर दूर असलेल्या कराचीचे कार्यक्रम मुंबईच्या पडद्यावर उमटत. पावसाळ्यापूर्वी जमिनीवरून येणारी उष्ण, कोरडी हवा अरबी समुद्रावरच्या तुलनेने थंड व दमट थरावर पसरते. एरवी वर जावे तशी हवा थंड होत जाते. येथे उलटे घडते आणि दोन थरांच्या सीमेवर हवेचे गुणधर्म एकदम बदलतात. सीमेपर्यंत पोहोचलेली लहर खाली वाकते, समुद्रावरून पुन्हा वर जाते, पुन्हा वाकते, आणि अशा रीतीने पृथ्वीच्या गोलाईबरोबर शेकडो किलोमीटर प्रवास करते. वारा फिरला किंवा थर विस्कटले की हा मार्ग मोडतो. म्हणूनच असे चित्र एका संध्याकाळी लख्ख दिसून दुसऱ्या संध्याकाळी नाहीसे होई, आणि पावसाळा स्थिरावला की त्याचे नावही उरत नसे.

आठवणीत बिघाडच का उरले

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली ‘रिमेंबरिंग’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की स्मृती ही जशीच्या तशी जपलेली नोंद नसून आपल्याजवळच्या साच्यांच्या आधारे पुन्हा उभारलेली रचना असते. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच जागी बसून पाहिलेले कार्यक्रम एका साच्यात मिसळून जातात. ‘चिमणराव’मधील दिलीप प्रभावळकर सर्वांना आठवतात, पण अमुक भाग कोणत्या संध्याकाळी पाहिला ते सांगणे कठीण असते. साच्याला छेद देणारी घटना मात्र वेगळी उरते, आणि बिघाड हा असाच छेद होता. शिवाय बिघाड झाला की उठावे लागे, धावावे लागे, ओरडावे लागे, आणि ते सगळ्यांनी मिळून करावे लागे. केवळ डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपेक्षा हातापायांनी केलेली आणि पुढे अनेकदा एकमेकांना सांगितलेली गोष्ट अधिक टिकते.

पडद्याचा ठसा याहूनही खोल गेलेला असू शकतो. एवा मुर्झिन यांनी स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बालपणी कृष्णधवल टीव्ही पाहिलेल्या पंचावन्न वर्षांवरील व्यक्तींनी आपली सुमारे एक चतुर्थांश स्वप्ने कृष्णधवल असल्याचे नोंदवले, तर रंगीत टीव्हीच्या काळात वाढलेल्या पंचविशीच्या आतील तरुणांत असे स्वप्न जवळजवळ आढळलेच नाही. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, सुरू झाले. मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हा दहा वर्षांचे असलेले मूल त्या वेळी वीस वर्षांचे होते. म्हणजे टीव्ही पाहण्याचे त्याचे सारे बालपण करड्या छटांत गेले.

ही पिढी आज साठीत आहे. कोणत्या सालात, कोणत्या इमारतीच्या कितव्या मजल्यावर, अँटेनाचे तोंड कुठे असताना, सावली किती अंतरावर दिसे आणि कराची कोणत्या महिन्यात येई, एवढे प्रश्न अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपरच्या शे-दोनशे कुटुंबांना विचारले, तर उंच इमारतींनी टेकड्या झाकण्यापूर्वीच्या उपनगरांचा एक लहरींचा नकाशा अजूनही तयार करता येईल. प्रसार भारतीने बहुतेक जुने प्रक्षेपक आता बंद केले आहेत, आणि आजचे डिजिटल चित्र दिसते तर पूर्ण दिसते, नाहीतर चौकोनांत गोठते. टेकडी किती दूर आहे हे त्याच्यावरून कळत नाही. तो नकाशा काढायचा तर माहिती फक्त या माणसांकडे आहे.